दूरध्वनीवरील मुलाखतीचे ध्वनिमुद्रण आणि संमतीचा प्रश्न

भारतीय वृत्तपत्र परिषदेने पत्रकारांसाठी जे आचारनियम संकलित केले आहेत, त्यांत मुलाखती व दूरध्वनीवरील संभाषणे यांच्या ध्वनिमुद्रणासंबंधी एक लहानसा नियम आहे. कोणाचेही संभाषण त्याच्या माहितीवाचून अथवा संमतीवाचून ध्वनिमुद्रित करू नये, असे त्याचे मुख्य विधान आहे. न्यायालयीन कारवाईत पत्रकाराच्या संरक्षणासाठी ध्वनिमुद्रण आवश्यक असेल, अथवा दुसरे एखादे सबळ कारण असेल, तर मात्र ते करता येईल, असा त्याला अपवाद जोडलेला आहे. नियम वरवर वाचला तर समंजस वाटतो. परंतु तो थोड्या बारकाईने वाचू लागले म्हणजे असे दिसते की, त्याचा पूर्वार्ध बोलणाऱ्याला जे देतो, ते उत्तरार्ध बहुतांशी परत घेतो. हा दोष केवळ शब्दयोजनेचा नाही. संमती कोणासाठी मागावयाची आणि कशासाठी मागावयाची, याविषयीच्या एका मूलभूत घोटाळ्याचा तो परिणाम आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम अपवाद पाहू गेल्यास, ‘न्यायालयीन कारवाईत पत्रकाराचे संरक्षण’ ही अट कोणत्या मुलाखतीस लागू पडणार नाही? छापून आलेल्या कोणत्याही वाक्यावरून अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते. नोटीस येईल की नाही हे संभाषणाच्या वेळी कोणासही ठाऊक नसते. आणि ध्वनिमुद्रण तर संभाषणाच्या वेळीच करावे लागते, मागाहून करता येत नाही. तेव्हा सावध पत्रकाराने प्रत्येक संभाषण मुद्रित करून ठेवणे हे या अपवादाचे सरळ फलित ठरते. जो अपवाद प्रत्येक उदाहरणास लागू पडतो त्याला अपवाद म्हणणे कठीण आहे. ‘दुसरे एखादे सबळ कारण’ या शब्दांविषयी तर बोलावयासच नको. ते कारण सबळ आहे हे ठरविणारा ध्वनिमुद्रण करणाराच असतो, आणि स्वतःचे कारण दुर्बल आहे असे आजवर कोणा वार्ताहरास वाटल्याचे ऐकिवात नाही.

नियमात आणखी एक अस्पष्टता आहे. ‘माहिती’ आणि ‘संमती’ हे दोन शब्द तेथे ‘अथवा’ या अव्ययाने जोडले आहेत. परंतु या दोन क्रिया भिन्न आहेत. माहिती देणे ही पत्रकाराची एकट्याची क्रिया आहे. संमतीला दुसऱ्याचे उत्तर लागते. ‘हे संभाषण मुद्रित होत आहे’ असे सांगून पुढे प्रश्न विचारू लागणाऱ्याने माहिती दिली, संमती घेतली नाही. ऐकणाऱ्याने फोन ठेवला नाही म्हणजे त्याने संमती दिली असे मानावयाचे काय? एखाद्या मंत्र्याच्या बाबतीत तसे मानता येईल. ज्या अंगणवाडी सेविकेला जिल्ह्याच्या ठिकाणाहून प्रथमच एखाद्या वृत्तपत्राचा फोन आला आहे, तिच्या बाबतीत तसे मानणे धाडसाचे होईल.

या ठिकाणी दूरध्वनीचे स्वतःचे वैशिष्ट्य ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ‘मुलाखत’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘भेट’ असा आहे. समोरासमोरच्या भेटीत ध्वनिमुद्रक यंत्र दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवलेले असते. ते दिसते, त्याची कळ दाबताना दिसते, बोलणारा त्याच्याकडे एकदा पाहतो आणि मग बोलू लागतो. शब्दाने संमती मागितली नाही तरी यंत्राच्या उपस्थितीनेच ती काही अंशी मागितली जाते. ‘हे जरा बंद करा, मग सांगतो’ असे म्हणण्याची संधी बोलणाऱ्यास मिळते, आणि अनुभवी माणसे ती घेतातही. दूरध्वनीवर ही ‘भेट’ होत नाही. यंत्र दुसऱ्या टोकाला असते, ते दिसत नाही, आणि त्यामुळे नकाराची संधीही दिसत नाही. जे काम टेबलावरील यंत्र आपोआप करीत असे, ते येथे कोणीतरी शब्दाने अथवा खुणेने केले पाहिजे. दूरध्वनीच्या संदर्भात सांगण्याचे कर्तव्य अधिक कडक का असावे, याचे उत्तर या साध्या भौतिक वस्तुस्थितीत आहे.

ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली गेली होती. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९४७ मध्ये दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडण्यास मान्यता दिली ती एका अटीवर: संभाषण चालू असता सुमारे दर पंधरा सेकंदांनी एक सूक्ष्म ‘बीप’ असा आवाज दोन्ही बाजूंना ऐकू आला पाहिजे. न दिसणाऱ्या यंत्राला ऐकू येणारे रूप देण्याचाच तो प्रयत्न होता. पुढे १९७० मध्ये त्याच आयोगाने प्रसारणसंस्थांसाठी नियम केला, आणि दूरध्वनीवरील संभाषण प्रसारित करावयाचे असल्यास मुद्रणापूर्वीच समोरच्यास तसे सांगण्याचे बंधन घातले. मुद्रणापूर्वी, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बोलून झाल्यावर ‘एवढे मुद्रित केले आहे, वापरू ना?’ असे विचारणे म्हणजे वस्तू घरी नेल्यावर दुकानदाराशी किंमत ठरविण्यासारखे आहे.

मराठी भाषिक व्यवहारात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि त्याची दखल आचारसंहितांत सापडणे अशक्यच, कारण त्या इंग्रजीत लिहिल्या जातात. दूरध्वनीवर बोलणारा मराठी माणूस दर दोन वाक्यांमागे ‘हं’, ‘हो’, ‘बरं’, ‘हो हो’ असे म्हणत असतो. त्याचा अर्थ ‘ऐकू येत आहे, पुढे बोला’ एवढाच असतो. पत्रकाराने ओघात ‘रेकॉर्ड करतोय बरं का’ असे म्हटले आणि पलीकडून ‘हो हो’ असे आले, तर त्या ‘हो’ला संमती समजणे भाषेच्या दृष्टीनेही चूक आहे. दुसरे असे की, विनंतीची आपली रूढ रीत ‘चालेल ना?’, ‘हरकत नाही ना?’ अशी आहे. हे प्रश्न होकार गृहीत धरूनच विचारले जातात. त्यांना नकार देणे हा उद्धटपणा ठरतो. वयाने, शिक्षणाने अथवा अधिकाराने लहान असलेला माणूस ‘साहेब, नाही चालणार’ असे सहसा म्हणत नाही. ज्या प्रश्नाला एकच शिष्ट उत्तर आहे, त्या प्रश्नाने संमती मिळत नाही. ‘मुद्रण न करताही बोलता येईल, लिहून घेतो, कसे हवे ते सांगा’ असे दोन पर्याय पुढे ठेवल्याखेरीज नकाराला वाट मिळत नाही. लिखाणाच्या पातळीवर हा फरक क्षुल्लक वाटेल, पण प्रत्यक्ष व्यवहारात संमतीचे सारे मर्म या वाक्यरचनेत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. पत्रकाराशी बोलणारा मनुष्य जाणून-बुजून पत्रकाराशी बोलत असतो. आपले शब्द छापले जाण्याचा संभव त्याने स्वीकारलेलाच असतो. मग ते शब्द वहीत टिपले काय किंवा फितीवर उतरले काय, त्याचे नुकसान कोणते? किंबहुना ध्वनिमुद्रणामुळे त्याचे शब्द अधिक अचूक छापले जातात, म्हणजे त्याचा फायदाच होतो. या आक्षेपाचा पूर्वार्ध फसवा आहे. टिपण आशयाचे असते; फीत आवाजाची असते. टिपण घेताना पत्रकार जे सोडून देतो, म्हणजे अडखळणे, हुंदका, रागाच्या भरात गेलेला शब्द, मागून येणारा घरातल्यांचा आवाज, ते सर्व फितीवर राहते, आणि फीत पत्रकाराच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. मजेची गोष्ट अशी की, वृत्तपत्र परिषदेला हे कळलेले आहे. त्याच नियमाच्या पुढच्या वाक्यात संभाषणात आलेले अपमानास्पद शब्द छापण्यापूर्वी गाळावेत असे सांगितले आहे. बोलताना माणूस सैल असतो ही गोष्ट ज्या नियमाच्या उत्तरभागात मान्य झाली, त्याच्या पूर्वभागात तिचा विसर पडावा हे आश्चर्य आहे.

आक्षेपाच्या उत्तरार्धात मात्र तथ्य आहे, आणि त्यासाठी जॅनेट माल्कम यांचे प्रसिद्ध प्रकरण उपयोगी पडते. १९८३ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा नायक, मनोविश्लेषक जेफ्री मॅसन, याने आपल्या तोंडी घातलेली काही वाक्ये आपण बोललोच नाही असा दावा लावला. चाळीस तासांहून अधिक मुलाखती फितीवर होत्या आणि वादग्रस्त वाक्ये त्यांत सापडत नव्हती. ती टिपणांतून आली, असे लेखिकेचे म्हणणे होते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, उद्धृतात केलेला जाणीवपूर्वक बदल एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. अर्थात महत्त्वाचा पालट झाला असेल तरच तो सिद्ध होतो. पुढे १९९४ मध्ये ज्यूरीने माल्कम यांच्या बाजूने निर्णय दिला. निकालाची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे त्यातली एकच गोष्ट घ्यावयाची: मॅसनला फीत चालू असल्याचे ठाऊक होते, म्हणूनच तिच्यावर काय नाही हे विचारण्याचा अधिकार त्याला बजावता आला. दोघांना ठाऊक असलेली फीत दोघांची साक्षीदार असते. गुप्त फितीचे तसे नसते. ती पत्रकाराला सोयीची असेल तेव्हा बाहेर येते, गैरसोयीची असेल तेव्हा ती होती हेही कोणास कळत नाही. अचूकतेचा युक्तिवाद हा वस्तुतः उघड ध्वनिमुद्रणाच्या बाजूचा युक्तिवाद आहे. गुप्त ध्वनिमुद्रणाच्या समर्थनार्थ तो उसना आणला जातो.

भारतात या विषयाचा कायदा कसा घडला हे पाहताना मुंबईच्या एका खटल्याकडे वळावे लागते. १९६४ मध्ये मुंबईच्या कॉरोनरने एका मृत्यूच्या प्रकरणात एका डॉक्टराकडून लाच मागितल्याची तक्रार झाली. दुसऱ्या एका डॉक्टराच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडला आणि कॉरोनरशी झालेले संभाषण मुद्रित केले. हेच ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९७२ रोजी निर्णय दिला की, संभाषण करणाऱ्या दोघांपैकी एकाची अनुमती होती, म्हणून १८८५ च्या तार अधिनियमाचा भंग झाला नाही. संविधानाच्या अनुच्छेद २१ चाही भंग झाला नाही. निरपराध नागरिकाच्या दूरध्वनीला न्यायालय संरक्षण देईल, परंतु लाचखोरी उघडकीस आणणाऱ्या पोलिसी प्रयत्नांविरुद्ध अपराध्याला ते संरक्षण मिळणार नाही, असा निर्णयाचा रोख होता.

या निर्णयातून ‘एका बाजूची संमती पुरेशी’ एवढेच सूत्र वृत्तपत्रव्यवसायाने उचलले आणि आजतागायत ते सांगितले जाते. परंतु निर्णयातील दोन विचार वेगळे केले पाहिजेत. एक विचार तांत्रिक आहे: संभाषण चोरून मध्येच पकडले नाही, एका पक्षाने ते स्वतः खुले केले. दुसरा विचार नैतिक आहे: बोलणारा लोकसेवक होता आणि आपल्या पदाचा सौदा करीत होता. पहिला विचार पत्नीचा फोन मुद्रित करणाऱ्या पतीलाही लागू पडतो, मित्राचा फोन मुद्रित करणाऱ्या मित्रालाही. दुसरा फक्त पदाधिकाऱ्यालाच लागू पडतो. न्यायालयाचे समाधान पहिल्याने झाले असेल, पण वाचकाच्या न्यायबुद्धीचे समाधान होते ते दुसऱ्याने. कॉरोनरविषयी कोणास कणव वाटत नाही याचे कारण एका पक्षाची संमती होती हे नव्हे. शिवाय पुराव्याची ग्राह्यता ही निराळी बाब आहे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक दाव्यात जोडीदाराने गुपचूप मुद्रित केलेली संभाषणे पुरावा म्हणून ग्राह्य धरली. तेवढ्यावरून घराघरांत असे मुद्रण करणे हा सदाचार ठरला असे कोणी म्हणणार नाही. दरम्यान १९९६ च्या ‘पी.यू.सी.एल.’ निर्णयाने दूरध्वनीवरील संभाषण खाजगीपणाच्या हक्कात आणले आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने तो हक्क मूलभूत ठरविला. १९७२ च्या सूत्राखालची जमीन त्यामुळे पुष्कळ सरकली आहे, सूत्र मात्र जुनेच चालू आहे.

स्वतः पत्रकारांचे आवाज जेव्हा फितीवर आले तेव्हा काय झाले हेही आठवण्यासारखे आहे. प्राप्तिकर खात्याने २००८ व २००९ मध्ये मुद्रित केलेली राडिया संभाषणे ‘ओपन’ आणि ‘आउटलुक’ या नियतकालिकांनी नोव्हेंबर २०१० मध्ये छापली. तेथे मुद्रण शासनाचे होते, म्हणून प्रस्तुत प्रश्नाशी त्याचा संबंध अंशतःच आहे. परंतु त्या फितींत आवाज असलेल्या पत्रकारांनी जे खुलासे केले, त्यांत ‘संदर्भ सोडून वाक्य उचलले’, ‘बातमी काढण्यासाठी असे बोलावे लागते’ असा सूर होता. फितीवरचे वाक्य संदर्भावाचून किती निराळे भासते, हे व्यवसायाला त्या महिन्यात स्वानुभवाने कळले. हेच ज्ञान मुलाखत देणाऱ्या सामान्य माणसाच्या बाबतीत त्याला क्वचितच आठवते.

या सर्व उदाहरणांत सर्वांत अवघड उदाहरण मायामी येथील आहे. तेथील माजी नगर-आयुक्त आर्थर टील यांच्यावर भ्रष्टाचाराचे खटले चालू होते. २७ जुलै २००५ रोजी एका साप्ताहिकात त्यांच्या खाजगी जीवनाविषयी अत्यंत बोचरा मजकूर प्रसिद्ध झाला. त्या दिवशी त्यांनी ‘मायामी हेरल्ड’चे स्तंभलेखक जिम डीफीडी यांना फोन केला. टील फार व्याकूळ होते. डीफीडी यांनी त्यांना न सांगता ध्वनिमुद्रक चालू केला. त्याच सायंकाळी टील यांनी ‘हेरल्ड’च्या इमारतीच्या दर्शनी दालनात आत्महत्या केली. डीफीडी यांनी मुद्रणाची गोष्ट आपण होऊन वरिष्ठांना सांगितली. काही तासांत त्यांना कामावरून दूर करण्यात आले. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार खाजगी संभाषणाच्या मुद्रणास सर्व पक्षांची संमती लागते. डीफीडी यांनी चूक कबूल केली. शेकडो पत्रकारांनी त्यांच्या बाजूने निवेदनावर सह्या केल्या, आणि पुढे सरकारी वकिलांनी त्यांच्यावर खटलाही भरला नाही.

या वादात मुख्यतः दोन प्रश्न गाजले: कायद्याचा भंग झाला काय, आणि शिक्षा अतिरेकी होती काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थीच द्यावे लागेल. मृत्यूच्या छायेत, रात्र उलटण्यापूर्वी घेतलेला निर्णय विचारपूर्वक झाला असे म्हणवत नाही. परंतु तिसरा प्रश्न या दोहोंच्या मागे राहिला: त्या घटकेस टील कोणत्या नात्याने बोलत होते? ते सार्वजनिक जीवनातले होते हे खरे. त्यांच्या पदाविषयी, व्यवहाराविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली असती तर ती मुद्रित होण्याविरुद्ध त्यांची तक्रार दुबळी ठरली असती. पण त्या फोनवर बोलत होता तो पदाधिकारी नव्हता. एक खचलेला मनुष्य आपल्या ओळखीच्या पत्रकाराजवळ मन मोकळे करीत होता. पदाचा शिक्का माणसावर चोवीस तास नसतो. एकाच संभाषणात तो अर्ध्या वाटेवर उतरू शकतो. डीफीडी यांचा हेतू दुष्ट होता असे कोठेही दिसत नाही. काळजीनेच त्यांनी कळ दाबली असे त्यांनी सांगितले, आणि ते खरे मानावयास हरकत नाही. तरीही काळजी वाटणाऱ्याने ‘हे मी मुद्रित करीत आहे’ असे सांगितले असते, तर कदाचित त्या वाक्यानेच संभाषणाला निराळे वळण लागले असते. लागले असते की नाही हे आता कोणीही सांगू शकत नाही.

महाराष्ट्रातील परिस्थितीकडे पाहता हा भेद आणखी ठळक होतो. येथील राजकारणात ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला’ हे वाक्य इतके रूढ आहे की ते न म्हणणारा नेता विरळा. सकाळी फोनवर बोलावयाचे आणि दुपारी इन्कार करावयाचा, या खेळात तालुक्याच्या वार्ताहराची बाजू नेहमीच पडती असते. त्याच्या मागे वकील नसतो, कित्येकदा नियुक्तिपत्रही नसते. अशा वार्ताहराने अधिकारपदस्थाचे पदासंबंधीचे बोलणे मुद्रित करून ठेवले तर त्यास दोष देणे अन्याय्य होईल. पण तोच भ्रमणध्वनी, मुद्रणाची तीच सवय, त्याच दिवशी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी लावलेल्या फोनवरही चालू राहते. आणि ती ‘ऑडिओ क्लिप’ सायंकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. पत्रकाराचा धोका या दोन्ही ठिकाणी सारखाच आहे असे परिषदेच्या नियमावरून म्हणता येते. बोलणाऱ्याची स्थिती मात्र दोन टोकांची आहे. म्हणून अपवादाचा निकष पत्रकाराच्या संकटात शोधण्यात चूक होते. तो बोलणाऱ्याच्या अधिकारात, आणि तो त्या क्षणी त्या अधिकाराने बोलत आहे की नाही यात शोधला पाहिजे. असा निकष लावणे कठीण आहे, कारण तो प्रत्येक संभाषणात नव्याने लावावा लागतो. आजच्या नियमाची लोकप्रियता तो लावावाच लागत नाही यात आहे.

परिषदेकडून या बाबतीत फार अपेक्षा करता येत नाही हेही नमूद केले पाहिजे. समज देणे, ताशेरे ओढणे यापलीकडे तिला अधिकार नाहीत आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेत येत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. २०१८ व २०१९ च्या मसुद्यांत पत्रकारितेसाठी जी स्वतंत्र सूट होती ती त्यात राहिली नाही. पत्रकारसंघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला तो रास्तच आहे, कारण सरसकट संमतीची अट लाचखोर अधिकाऱ्याच्या पथ्यावर पडेल. परंतु ‘सरसकट सूट’ ही मागणीही त्याच घोटाळ्याची दुसरी बाजू आहे.

यंत्रांनी आता आपल्यापुरता प्रश्न सोडविला आहे. गूगलच्या दूरध्वनी-प्रणालीत मुद्रणाची कळ दाबताच तशी घोषणा दोन्ही बाजूंना ऐकू येते. ऑक्टोबर २०२४ पासून आयफोननेही तीच रीत स्वीकारली. १९४७ चा ‘बीप’ शब्दांचे रूप घेऊन परतला आहे. मात्र ही घोषणा ऐकणाऱ्याच्या भाषेत होतेच असे नाही, तिला थांबून उत्तर देता येत नाही, आणि तिला चुकविण्यासाठी फोन स्पीकरवर टाकून शेजारी दुसरा फोन ठेवला की काम भागते. त्यामुळे अंगणवाडी सेविकेला फोन लावणाऱ्या वार्ताहरापुढचे काम जेथल्या तेथे आहे: कळ दाबण्यापूर्वी मराठीत सांगणे, तिला दोन पर्याय देणे, ती ‘हो हो’ म्हणाली तर पुन्हा विचारणे, आणि ‘नको’ म्हणाली तर वही उघडून, तिचे वाक्य लिहून होईपर्यंत तिला थांबावयास सांगणे.